ओल्या हरभऱ्याचा रंग

केनवड,
१२ डिसेंबर १९५६

युनूस,

माझं सगळं बदललं ते कामरगावच्या मोटार-थांब्यावर. वॉर्डनच्या खोलीत नव्हे, आणि देवलाच्या कानाखाली आवाज काढला तेव्हाही नव्हे. ते नंतरचं.

दिवाळीच्या सुट्टीला आपण एकाच मोटारीनं निघालो होतो. मी, तू आणि ट्रेनिंगच्या शाळेतली चंदा. तू तोंड उघडं टाकून झोपला होतास. कामरगावला तिचं घर, ती उतरली. मी टपावरून तिची वळकटी काढून दिली. ती हातात घेताघेता म्हणाली, "केनवडले नवी शाळा होऊन राह्यली म्हणे. तुमच्याच भागात नं? खोल्या बऱ्या हायेत का?"

मोटार सुटली. मी वाशिमपर्यंत ते वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं. ट्रेनिंग संपताना नेमणुकीसाठी गावं लिहून द्यायची असतात. एखाद्या गावच्या खोल्यांची जिला आत्तापासून काळजी, तिनं ते गाव लिहायचं ठरवलेलंच असणार. आणि ते गाव माझ्या तांड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. यापेक्षा उघड एखादी मुलगी काय बोलणार?

सुट्टी संपवून मी बोर्डिंगात आलो, तर देवला जेवणाच्या पंगतीत मला "मास्तरीणबाईचा गडी" म्हणाला. तू त्या दिवशी मामूंच्या घरून माझ्याकडं जेवायला आला होतास, पुढचं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. वॉर्डन म्हणाले, माफीची चिठ्ठी दे. मी ट्रंक उचलली.

घरी बा म्हणाला, "कालेजात धाडला वकील व्हाले, अन् आला हात हालवत." हात हलवत राहायला नको म्हणून मी त्या शाळेवरच कामाला लागलो. जनपद सभेची सरकारी इमारत आहे. दोन खोल्या, पुढं ओसरी. भिंती उभ्या झाल्यात, गिलावा चालू आहे. रंगाचं काम वाशिमच्या गुलाम नबी रंगाऱ्याकडं आहे. तो म्हणतो, त्यानं हैदराबादेत महाल रंगवलेत. महालात त्याला एकच माणूस हाताखाली होता म्हणे, इथं तोही नाही. मी म्हटलं, मी येतो.

कागदावर नुसता पांढरा चुना मंजूर आहे. पण त्यात रंग घातला तर कोणी नाही म्हणणार नाही. तर तू एक काम कर. तुझी बहीण नजमा त्याच ट्रेनिंगच्या शाळेत उर्दूच्या वर्गात आहे. तिच्याकडून चंदाला विचार, वर्गाला कोणता रंग असावा. माझं नाव घेतलं तरी हरकत नाही.

उदय

*

अमरावती,
२२ डिसेंबर १९५६

उदय,

तुझं पाकीट मिळालं. मामू म्हणाले, एवढं जाड पाकीट, दोस्त मेला की काय? मी म्हटलं, नाही, रंगारी झाला.

पहिली गोष्ट, मी झोपलो नव्हतो. उन्हामुळं डोळे मिटले होते. ते वाक्य मीही ऐकलं. मला ते "खोल्या बऱ्या हायेत का" असंच ऐकू आलं. तुला काय ऐकू आलं ते तूच जाण.

दुसरी गोष्ट. देवलाचा कान अजून वाजतो आणि तो ते सगळ्यांना सांगत फिरतो. बोर्डिंगात हल्ली चंदाचं नाव वरणाबरोबर वाढतात. तू ट्रंक उचलून मोकळा झालास. नाव इथंच राहिलं, तिचं. हे तुझ्या ध्यानात आलंय का, मला माहीत नाही.

तिसरी. वॉर्डन वाईट माणूस नाही. कालच मला म्हणाले, दोन ओळींची चिठ्ठी आली तर हजेरीचं मी पाहून घेईन, पोरगा हुशार आहे. दोन ओळी, उदय. तू चुना कालवतोस तेवढ्या वेळात होतील.

नजमाला विचारायला सांगतो. पण तिच्यावर विसंबू नकोस, ती माझं ऐकते थोडीच. तिचं म्हणणं, "भाईजान, आधी त्याला विचारा, भिंतीवर रंग चढवायचाय का स्वतःवर."

युनूस

*

केनवड,
९ जानेवारी १९५७

युनूस,

अक्षर वाकडं आहे कारण उजव्या मनगटाला फडकं आहे.

कळीचा चुना खड्ड्यात पाणी घालून फोडतात आणि मग मुरू देतात. गुलाम नबी म्हणाला, "आठ दस दिन उसके तरफ देखना नै बेटा." तो स्वतः उरुसाला निघून गेला. मला भिंत पाहायची घाई होती. दुसऱ्याच दिवशी बादलीत उपसला आणि हात मारायला घेतला. चुना आतून उकळतच होता. एक खडा फुटला आणि मनगटावर आला. ते एक. दुसरं म्हणजे जेवढी भिंत केली होती तिच्यावर सकाळी देवीचे व्रण उठावेत तसे खड्डे. न फुटलेल्या कळ्या भिंतीवर जाऊन फुटल्या. सगळं खरवडून काढलं. गुलाम नबी आल्यावर मला म्हणाला, "तेरे जैसाच है ये चुना." मी ब्रश फेकला. तो त्यानं उचलून धुऊन ठेवला आणि चहा मागवला. त्याच्यावर रागावणं म्हणजे म्हशीवर रागावण्यासारखं आहे.

हे चालण्यासारखं आहे. खरी अडचण मागची भिंत. गावानं जागा दिली ती जुन्या कोंडवाड्याची. त्याची एक भिंत धड होती म्हणून पंचांनी ती तशीच ठेवली, तेवढ्याच विटा वाचल्या. आता कित्येक वर्षं जिथं चुकार गुरं कोंडली, तिथली माती आणि विटा काय पिऊन बसल्या असतील? सोरा. मी रसायनशास्त्राच्या वर्गात एवढं तरी ऐकलंय. खालून पाण्याबरोबर तो वर चढतो, भिंतीच्या तोंडाशी येऊन वाळतो, आणि रंगाला ढकलून देतो. लोणा म्हणतात. कमरेएवढ्या उंचीपर्यंत सगळा पोपडा. बोटानं उचलला की पापडासारखा हातात येतो.

गिलावा करणारी रामीबाई म्हणते, "जनावराचं मूत प्यालेली भित हाय थे. तुहा रंग कायले पिईन?" गुलाम नबी तुरटी घाल म्हणतो, गूळ घाल म्हणतो, मेथीचं पाणी घाल म्हणतो. असं वाटतं भिंत बाळंत झालीय. मी गिलावा विटेपर्यंत फोडला, कुंच्यानं मीठ झाडलं, पाण्यानं धुतलं, वाळवलं. परत आला. परत फोडतोय. पोरांच्या अंगावर पापुद्रे पडणारी भिंत मी तिच्या हवाली करणार नाही.

माफीच्या चिठ्ठीचं पुन्हा लिहू नकोस.

आणि रंगाचं काय झालं? महिना होत आला. पुढच्या शनिवारपर्यंत तुझं कार्ड आलं नाही तर मी मोटारीनं येतो आणि ट्रेनिंगच्या शाळेच्या फाटकाशी उभा राहून तिलाच विचारतो. मी करीन हे तुला माहीत आहे.

उदय

*

(कार्ड)
अमरावती,
११ जानेवारी १९५७

उदय,

येऊ नकोस. मुळीच येऊ नकोस. कळलं. हिरवा. फिक्का, ओल्या हरभऱ्याचा असतो तसा. सोललेल्या घाट्यातला दाणा. नजमाला असंच सांगितलं तिनं. आता काम कर आणि फाटकाबिटकाशी उभा राहू नकोस, इथं पहारेकरी आहे, आणि तो पठाण आहे.

युनूस

*

केनवड,
२५ फेब्रुवारी १९५७

युनूस,

तुझं कार्ड आलं तेव्हापासून मी हिरवा रंग करतो आहे. दुसरं काही केलेलं नाही.

गुलाम नबी म्हणाला, "पीला बोल, गुलाबी बोल, आसमानी बोल. हरा किसने बोला तेरे को?" कारण पिवळ्याला पिवडी घातली की झालं, गुलाबीला गेरू, आसमानीला नीळ. हिरवा असा मिळत नाही. चुन्यात पिवडी आणि नीळ दोन्ही घालावी लागते, आणि त्या दोघींचं पटत नाही. पिवडी तळाशी बसते. ढवळत राहिलं नाही तर भिंत वर निळी आणि खाली पिवळी. मी म्हटलं, ढवळीन.

पण त्याहून मोठी गंमत ओल्याची. बादलीत जो रंग दिसतो तो भिंतीवर नाही, आणि भिंतीवर ओला दिसतो तो वाळल्यावर नाही. चुना वाळताना फिका पडत जातो. पहिल्या दिवशी मी लावलेला पट्टा संध्याकाळी अगदी हरभरा होता. सकाळी पाहतो तर ताक. मग मी खोलीच्या कोपऱ्यात पट्टे ओढत गेलो, एकेका पट्ट्यात नीळ पिवडीचं माप बदलत, आणि प्रत्येक पट्टा पुरता वाळल्याशिवाय त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं. रामीबाई म्हणे, "काय रे पोट्ट्या, शाळा रंगवून राह्यला का गोधडी शिवून राह्यला?"

जुळवायला म्हणून शेतातून हरभऱ्याचे डहाळे आणून खिडकीत ठेवले होते. पट्टा वाळेपर्यंत घाटेही वाळले. रंग बसला तेव्हा नमुना पिवळा पडला होता. रोज ताजा डहाळा आणायचा, सोलायचा, एक दाणा भिंतीला लावून बघायचा आणि खायचा. बा म्हणाला, "सारं वावर तुह्या भितीनंच खाल्लं." आता हंगाम संपला. पण रंग हाती लागला. तीन भिंती झाल्या. दुपारी खिडकीतून ऊन आलं की खोलीत बसल्यावर शेतात बसल्यासारखं वाटतं. मागची भिंत तशीच, तिला हिरवा टिकत नाही. पाचव्यांदा फोडली.

दार जुन्या घरातलं आणलंय, त्याला मी घासकागद मारून धूर काढला, अळशीच्या तेलात शेंदूर कालवून पहिला हात दिला, म्हणजे लाकूड पाणी धरत नाही. माय भाकर घेऊन आली होती, तिनं लांबूनच हात जोडले. म्हणाली, "मले वाटलं मारोती बसवला." वर तपकिरी रंगाचे दोन हात दिले. मग माय दाराशी बसून म्हणाली, "इतकं सारं करून राह्यला, त्या पोरीचं गोत तरी इचारलंस काय?" मी म्हटलं, वेगळं आहे, मी पाहून ठेवलंय. ती म्हणाली, "अन् पोरीले इचारलंस?" मी म्हटलं, रंग विचारलाय.

समोरच्या भिंतीवर फळा केला. सिमिटाचा गुळगुळीत गिलावा, त्यावर काजळी आणि सरस. उंच, ऐसपैस, मी हात वर करून जिथपर्यंत लिहू शकतो तिथपर्यंत. शेवटच्या पोरालाही दिसला पाहिजे.

तिला सांग, खोल्या बऱ्या आहेत.

उदय

*

अमरावती,
२० मार्च १९५७

उदय,

परीक्षा तोंडावर आहे म्हणून थोडक्यात. तुझं पत्र मी नजमाला वाचून दाखवलं. हरभऱ्याच्या ठिकाणी ती खूप हसली आणि मग तिनं पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. मला म्हणाली, "भाईजान, तुम्ही हे बरं नाही केलंत." आमच्यातलं भांडण आहे, तू लक्ष देऊ नकोस.

एक सांगायचं होतं. नेमणुकीचं काही खरं नसतं. लोक लिहून देतात एक आणि ऑर्डर निघते भलतीच. समजा तुमच्या शाळेवर भलतीच बाई आली, किंवा एखादा म्हातारा मास्तर आला तंबाखू मळत, तरी तुझं काम वाया गेलं असं होत नाही. शाळा ती शाळाच. हे तू मनात धरून ठेव. आणि सगळ्या गोष्टी मनासारख्या होतातच असं नाही.

वॉर्डनना मी सांगून ठेवलंय की तू आजारी आहेस. तशी त्यांची खात्री आहेच.

युनूस

*

केनवड,
३० एप्रिल १९५७

युनूस,

तुझ्या मागच्या पत्राला डोकं नव्हतं आणि शेपूटही नव्हतं. अभ्यासानं होतं असं. म्हातारा मास्तर येणार नाही. नजमा आणि तुझ्यात काय भांडण झालं ते मिटव, बहिणीशी भांडू नये.

सरपंच म्हणाले, बाईच येणार, नाव अजून कळलेलं नाही. मला कळलेलं आहे.

उन्हाळ्याभर मागची भिंत उघडी ठेवली आहे, विटा दिसतील अशी. जेवढं मीठ यायचं तेवढं येऊ दे, मी रोज झाडतो. गुलाम नबी आपल्या वाशिमकडच्या मालेगावला एका दालमिलीचं काम घेऊन गेला. मलाही बोलावतोय. मी म्हटलं, शाळा उघडल्यावर.

तिची परीक्षा झाली असेल. कामरगावला गेली का, एवढं कळव.

उदय

*

वाशिम,
२४ जून १९५७

उदय,

हे पत्र मी मार्चमध्ये लिहायला हवं होतं. एप्रिलमध्ये तर दोनदा लिहून फाडलं. आता शाळा उघडायला आठवडा आहे आणि तू दाराशी उभा राहशील, म्हणून लिहितो.

चंदानं तुला रंग सांगितला नाही. नजमानं तिला विचारलं होतं, डिसेंबरातच. ती म्हणाली, "त्यांले सांगा, मी केनवडचं नाव खोडलं." देवलाची बोंब तिच्या घरापर्यंत पोचली होती. तिचे वडील लालसिंग, जंगलखात्यात गार्ड आहेत, ते अमरावतीला आले होते तिला घेऊन जायला. प्रिन्सिपॉलबाईंनी मध्ये पडून थांबवलं. ज्या गावच्या मुलानं तिच्या नावावरून पंगतीत मारामारी केली, त्या गावी ती कशी येईल? तिनं केनवड काढून दुसरी गावं लिहिली.

हे मी तुला कळवणार होतो. तेवढ्यात तुझं पत्र आलं, शनिवारी येतो आणि फाटकाशी उभा राहतो म्हणून. तू आला असतास. फाटकाशी उभा राहिला असतास. मग तिचं ट्रेनिंग खरंच सुटलं असतं आणि तुलाही पोलिसांनी नेलं असतं. मला तुला तिथंच केनवडला गुंतवून ठेवायचं होतं, दुसरं काही सुचलं नाही. कार्ड लिहायला बसलो तेव्हा समोर मामीनं सोलायला ठेवलेला हरभरा होता. वांगी असती तर तुझी शाळा जांभळी झाली असती.

मला वाटलं एक हात मारशील आणि होईल. तो रंग एवढा अवघड असतो हे मला कुठं माहीत? तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. रोज ताजा डहाळा आणतो म्हणे.

तू मला मारायला आलास तरी चालेल. मी वाशिमलाच आहे, पाच तारखेपर्यंत. अब्बांना सांगून ठेवलंय की तू येशील, आणि आल्यावर आधी त्याला जेवू घाला.

युनूस

*

मालेगाव,
९ जुलै १९५७

युनूस,

मी मारायला आलो नाही त्याचं कारण कामातून वेळ झाला नाही. आता तू अमरावतीला पोचला असशील. सोबत चिठ्ठी आहे, ती वॉर्डनना दे. दोन ओळींची आहे. कमी वाटली तर वाढवू नकोस. देवलालाही दाखव. परीक्षेचं काय ते पुढच्या वर्षी बघू. सध्या दालमिलीच्या आतल्या भिंतींवर शंभर पावसाळ्यांचा कोंडा बसलाय, तो मी आणि गुलाम नबी तासून काढतोय.

तुझं पत्र तुला वाटलं होतं त्या दिवशी आलं नाही. उशिरा आलं, शनिवारी दुपारी. सकाळी ती येऊन गेली होती.

तिचं काय झालं ते सांगतो. तिनं केनवड खोडलं हे खरं. पण नेमणूक करणाऱ्यांनी ती खोडलेली ओळ पाहिली नाही, किंवा पाहून सोडून दिली. ऑर्डर केनवडचीच निघाली. ती वडिलांबरोबर मोटारीनं आली. लालसिंग राहायची जागा पाहायला सरपंचाकडं गेले आणि ती एकटी शाळेकडं आली. म्हणजे एकटी नव्हे, रामीबाई ओसरी सारवत होती.

मी मागच्या भिंतीशी बसून मीठ झाडत होतो. पावसाळी हवा लागली तशी भिंत पुन्हा फुलली होती. ती दारात उभी राहिली. तिनं आधी खोली पाहिली, मग मला.

"हा रंग कोणी काढला?"

मी म्हटलं, "तुमीच तं सांगतला."

"म्या? कोणाले?"

"नजमाले. ओल्या हरभऱ्याचा."

ती भिंतीकडून माझ्याकडं वळली. म्हणाली, "नजमाले म्या एकच गोष्ट सांगतली होती. केनवडचं नाव खोडलं म्हणून. तुमच्या त्या मारामारीपायी माह्या बापानं माह्या हातातलं पुस्तक काढून घेतल्यातच जमा होतं, मालूम हाय तुमाले?"

मला मालूम नव्हतं. तू डिसेंबरात लिहिलं होतंस, नाव इथंच राहिलं म्हणून. मी ते वाचलं होतं.

मी म्हटलं, "मंग आल्या कायले?"

"मी आली नाई. धाडली. आता नोकरी सोडू?"

"पण थांब्यावर तुमीच तं इचारलं..."

"म्या खोल्या इचारल्या होत्या, उदयसिंग. खोल्याच."

माझ्याजवळ कळीच्या चुन्याचं डबडं होतं. ते कुठं गेलं असतं याचा तुला अंदाज आहे. ते जिथं होतं तिथंच राहिलं. मी काही शहाणा झालो म्हणून नव्हे. रामीबाई शेणाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती, आणि म्हणाली, "बाई, हा पोट्टा तापट हाय, पण भित इमानदारीनं करते." मग तिनं माझ्याकडं बघून डोळे वटारले. डबडं फेकायचं तर आधी तिला लागलं असतं.

चंदा आत आली आणि खोली तपासायला लागली. बाईसारखी. म्हणजे मास्तरीणबाईसारखी. खिडक्या उघडून लावून पाहिल्या. हात फिरवून पाहिला, बोटाला रंग येतो का. आला नाही. मग फळ्याशी जाऊन उभी राहिली आणि हात वर केला. तिचा हात फळ्याच्या खालच्या कडेच्या जरासाच वर गेला.

"हे कोणासाठी हाय?"

तिनं टाचा उचलून पुन्हा हात नेऊन पाहिला.

"माह्यानं लिवणं होणार नाई. लेकरं तं उड्या मारतीन. तुमच्यापुरता केला काय?"

युनूस, मी दीड महिना रंग जुळवला. दाण्याला दाणा लावून. आणि त्या फळ्याचं माप घेताना मी माझाच हात वर केला होता. ज्या खोलीत ती उभी राहणार म्हणून हे सगळं चाललं होतं, त्या खोलीत ती उभी राहून काय करणार, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

मी विचारलं, "खाली घेऊन देऊ?"

"सोमवारी लेकरं येतीन."

"होईल."

मग ती मागच्या भिंतीशी आली. मी म्हटलं, ही अजून बाकी आहे, हिला लोणा आहे, मीठ संपलं की गिलावा करतो. तिनं वाकून त्या पांढऱ्या फुलोऱ्याला बोट लावलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं.

"राहू द्या अशीच. लेकरं तिकडं पाठ करूनच बसतात. खडूची पेटी, घागर, तिकडंच ठेवीन."

सहा वेळा फोडलेली भिंत, आणि तिचा निकाल एवढ्यात लागला.

जाताना दारात थांबून म्हणाली, "फळा झाला की मंग तुमी इकडं येऊ नका. गावानं मले शाळेची बाई म्हणून पाह्यलं पायजे. दुसरं काई म्हणून नाई." आवाज चढवून नाही, वर्गात सांगावं तसं. मी मान हलवली. ती दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "बाकी खोल्या बऱ्या हायेत."

ती गेल्यावर रामीबाई म्हणाली, "रड बापा थोडंसं, कोणी नाई इथं." मी म्हटलं, सिमिट कुठं ठेवलंय.

जुना फळा छिन्नीनं फोडला. सिमिटाचा गिलावा कठीण, ते बरं होतं, ठोकायला काहीतरी पाहिजे होतं. वरचा अर्धा भाग भरून काढून तिथं चुन्याचा हात दिला, हिरवा शिल्लक होता तेवढा. तो जुन्या हिरव्याशी मी निघेपर्यंत जुळला नव्हता. वाळल्यावर जुळेल, किंवा ओळखू येईल की इथं काहीतरी होतं. मग रामीबाईला म्हटलं, उभी राहा इथं आणि हात वर कर. ती म्हणाली, "मले लिवता येते कुठं?" मी म्हटलं, हात तर वर करता येतो. ती चंदाएवढीच आहे उंचीला. तिच्या मनगटाशी वरची रेघ मारली आणि खालची रेघ सरपंचाच्या नातवाच्या नाकाशी, तो पाहायला आला होता.

तुझं पत्र गिलावा ओढत असताना आलं. सिमिटाच्या हातानं फोडलं, त्यामुळं अर्ध्या ओळी पुसल्या. वांग्याची ओळ वाचता आली. मी हसलो. रामीबाईला वाटलं मला आता लागलं डोक्याला.

तुझ्यावर रागवायला पाहिजे हे मला समजतं. पण त्या जानेवारीत मी फाटकाशी उभा राहिलोच असतो. आणि रंग वाईट नाही. नजमाला सांग, तिचं बरोबर होतं, दोन्ही वेळा.

रात्री गिलावा ओला ठेवला. रविवारी काजळी खलली, सरस पातळ करून घातला, विटेची वस्त्रगाळ पूड घातली, म्हणजे खडू धरतो. पहिला हात आडवा, तो सुकला की दुसरा उभा. पावसाळी हवेत सरस लवकर वाळत नाही आणि ओल्या फळ्यावर पोट्टे बोटं उमटवतात, सरपंचाचा नातू तर वाटच बघत होता. म्हणून खिडक्या लावल्या. सामान गोळा केलं. बादली, कुंचे, छिन्नी, उरलेली पिवडी. कोंडवाड्याच्या भिंतीला पाठ टेकून जरा वेळ बसलो, पोरं बसतील तशी. सदऱ्याच्या पाठीवर मीठ आलं. समोर फळा होता, काळा, ओला, रिकामा, आणि इतका खाली की मला त्याच्या खालच्या ओळीवर लिहायचं तर गुडघे टेकावे लागले असते.

मग उठलो. दार फुगलं होतं, शेंदूर आणि अळशी दोन्ही घालूनसुद्धा, तेवढं पाणी त्यानं धरलंच. एका हातानं जरासं उचलून ओढावं लागतं, हे रामीबाईला सांगितलं, तिनं बाईला सांगावं. बाहेर आलो, दार उचलून ओढलं आणि लावून घेतलं.

उदय